डिझाइनच्या गप्पा : मध्यस्थ हवाच कशाला?



गेल्या वेळी आपण ऑब्झर्व्हर पॅटर्न पाहिला. त्यावर दुबईच्या एका वाचकांनी विचारलं आहे, "सगळ्यांनी एकमेकांचं ऐकायचं ठरवलं, तर कोण कोणाचं ऐकतोय हे शेवटी कळायचं कसं?" प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. उत्तर द्यायचं तर मला माझीच एक जुनी चूक सांगावी लागेल, आणि ती सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलोय. असो, आज सांगूनच टाकतो.

२००४ साली मी न्यू जर्सीत एका कंपनीत कंत्राटावर होतो. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी होती, नावाला काही महत्त्व नाही. आमच्या टीमकडे एक स्क्रीन होता. पेशंटला शिरेतून औषध देणारा जो पंप असतो, त्याचा वेग किती ठेवायचा हे नर्सला काढून देणारा. स्क्रीनवर मोजून सात गोष्टी : पेशंटचं वजन, वजनाचं एकक (किलो की पौंड, ड्रॉप-डाऊन), डोस म्हणजे दर किलोमागे तासाला किती मिलिग्रॅम, पिशवीतल्या औषधाची तीव्रता, पंपाचा वेग, डोस मर्यादेबाहेर गेला तर उमटणारी लाल पट्टी आणि ओके बटण. गणित चौथीतलं. वजन गुणिले डोस भागिले तीव्रता. मूल २० किलोचं, डोस १, पिशवीत दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, तर वेग तासाला १० मिलिलिटर. (हे आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. कुठल्याही खऱ्या औषधाचे नाहीत.)

गंमत एवढीच होती की वेगाची चौकट उलटीही चालायची. नर्सने वेग टाकला तर डोस मागे मोजून दाखवायचा. डॉक्टर कधी डोस सांगतात, कधी नुसता वेग सांगतात, म्हणून ही सोय.

जावा होती, स्विंग होती आणि आम्ही सगळे नुकतेच ऑब्जेक्ट ओरिएंटेड झालेलो होतो. त्यामुळे प्रत्येक चौकटीचा वेगळा क्लास, आणि प्रत्येक क्लास हुशार. वजनाची चौकट एककाच्या ड्रॉप-डाऊनकडे कान लावून बसलेली. एकक बदललं की आपला आकडा स्वतःच बदलून घ्यायची. वेगाची चौकट वजन, डोस, तीव्रता आणि एकक या चौघांचं ऐकायची. डोस वेगाचं ऐकायचा. लाल पट्टी वेगाचं ऐकायची, आणि किलोतलं वजन तिला लागायचं ते वेगाच्याच चौकटीकडून घ्यायची, 'तू मोजलंच आहेस तर दे' असं म्हणून. ओके बटण सगळ्यांचं ऐकायचं. प्रत्येक क्लास सुटा वाचला तर देखणा होता. कोड रिव्ह्यूत कौतुकही झालं होतं.

आता चूक. वेगाच्या चौकटीने एककाची एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती, दरवेळी विचारायला नको म्हणून. एकक बदलल्याची बातमी आली की ती फक्त आपली प्रत बदलायची, वेग पुन्हा मोजायची नाही. का? कारण एकक बदललं की पाठोपाठ वजनाचा आकडा बदलणारच, आणि तो बदलला की वेग मोजला जाणारच. मग एकच काम दोनदा कशाला? हा विचार मी केला होता. तो हँडलर मीच लिहिला होता, आणि त्यावर 'वजन पाठोपाठ येईलच' अशी कॉमेंटसुद्धा टाकली होती.

कित्येक महिने ते बरोबर चाललं. मग हॉस्पिटलच्या लोकांनी सांगितलं की चौकटींची मांडणी बदला, अमुक वर घ्या, तमुक खाली घ्या. एकाने स्क्रीन डिझायनरमध्ये माऊसने चौकटी इकडच्या तिकडे केल्या. टूलने कोड नव्याने तयार केला आणि चौकटी तयार होण्याचा क्रम बदलला. क्रम बदलला म्हणजे लिसनर नोंदवण्याचा क्रम बदलला. लिसनर कोणत्या क्रमाने बोलावले जातील याची हमी स्विंग देत नाही, कधीच देत नव्हती. पण आमचा स्क्रीन नकळत त्या क्रमावरच उभा होता.

नव्या क्रमात काय झालं ते पायरीपायरीने बघा. मूल २० किलोचं, वेग १०. नर्सने एकक किलोचं पौंड केलं. बातमी आधी वजनाच्या चौकटीला गेली. तिने २० चे ४४.१ केले आणि 'मी बदलले' असं ओरडली. वेगाच्या चौकटीने ते ऐकलं, आपल्याजवळची प्रत पाहिली, त्यात अजून 'किलो'च होतं. मग तिने ४४.१ किलोचा पेशंट धरून वेग काढला : तासाला २२. त्यानंतर एकक बदलल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली. तिने इमानेइतबारे प्रत बदलून 'पौंड' केली आणि, मी लिहिलं होतं त्याप्रमाणे, पुन्हा काही मोजलं नाही. लाल पट्टीनेही वेग तपासताना वजन वेगाच्याच चौकटीकडून घेतलं होतं. ४४.१ किलोला हा वेग व्यवस्थित होता, त्यामुळे पट्टी गप्प. स्क्रीनवर ४४.१ पौंड, डोस १, वेग २२, ओके बटण हिरवंगार. दुपटीहून जास्त औषध.

हे प्रत्यक्ष पेशंटपर्यंत गेलं नाही. स्वीकृती चाचणीला हॉस्पिटलने लहान मुलांच्या वॉर्डातली एक अनुभवी नर्स पाठवली होती. तिच्याकडे आमची टेस्ट स्क्रिप्ट होती, पण ती सोडून ती उगाच एकक मागेपुढे करून बघत होती. आणि तिने विचारलं, "मूल तेच आहे, डोस तोच आहे. मग पंपाचा वेग का बदलला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे त्या क्षणी मला तो बग आहे असंही वाटलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, पुन्हा करून दाखवता का?" त्यांनी दाखवलं. मी माझ्या मशीनवर करून पाहिलं, तर बरोबर येत होतं! माझ्या मशीनवर जुनी मांडणी होती ना. दोन दिवस मी त्यांच्या मशीनलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी नवा कोड उतरवून घेतला आणि पोटात गोळा आला.

(पौंड आणि किलोचा घोळ काही आमचाच नव्हे. १९८३ साली कॅनडात एका बोइंग ७६७ मध्ये पौंड आणि किलोच्या गफलतीने गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन भरलं गेलं आणि विमानाची दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी ते गिम्ली नावाच्या जुन्या हवाई तळावर तरंगत आणून उतरवलं, सगळे वाचले. औषधांच्या बाबतीत तर अमेरिकेतली आयएसएमपी ही संस्था पेशंटचं वजन फक्त मेट्रिक एककातच नोंदवा असं सांगत आली आहे.)

दुरुस्ती म्हणून मी काय केलं? जे कोणीही केलं असतं तेच. हँडलरमध्ये एक ओळ वाढवली, 'आता पुन्हा मोज'. बग गेला. आमच्या टीमची लीड चेन्नईची होती, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून बरीच मोठी. तिने ती ओळ पाहिली आणि विचारलं, "उद्या कोणी अजून एक चौकट हलवली तर?" मी म्हटलं, मग तिथे अजून एक ओळ. ती हसली नाही. तिने मला फळ्याजवळ नेलं, सात ठिपके काढले आणि कोण कोणाला ओळखतं ते बाणांनी जोडायला लावलं. पंधरा-सोळा बाण झाल्यावर मी खडू खाली ठेवला. सात जणांच्या जोड्या २१ होतात, दोन्ही दिशा धरल्या तर ४२ बाण. आणि उद्या आठवी चौकट आली की नुसतीच एक भर पडत नाही, ५६ होतात. हे बाण कुठल्याही एका फाइलमध्ये लिहिलेले नसतात. सात फाइलींत विखुरलेले असतात. दुबईकरांच्या प्रश्नाचं मूळ नेमकं इथे आहे.

मग तिने मधोमध आठवा ठिपका काढला आणि म्हणाली, "या सात जणांना एकमेकांशी बोलूच देऊ नकोस."

हाच मीडिएटर पॅटर्न. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक १९९४ साली आलं. त्यात २३ पॅटर्न आहेत आणि मीडिएटर त्यातल्या वर्तनविषयक गटात बसतो. त्यांचं उदाहरणही डायलॉग बॉक्सचंच आहे, फॉन्ट निवडण्याच्या. यादीतून फॉन्ट निवडला की त्याचं नाव शेजारच्या चौकटीत उमटायला हवं, मग कुठलं बटण चालू, कुठलं बंद हे ठरायला हवं. हे सगळं यादीने किंवा बटणाने ठरवायचं नाही, मधल्या एका 'डिरेक्टर' ऑब्जेक्टने ठरवायचं. चौकटी त्याला फक्त 'मी बदलले' एवढं सांगतात. त्या चौकटींना पुस्तकात 'कलीग' म्हटलंय. मला हा शब्द आवडतो. कलीग म्हणजे ज्याच्याशी काम पडतं, पण ज्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं.

आपल्याकडे मध्यस्थ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो लग्नाच्या बोलण्यांत. मुलाकडचे आणि मुलीकडचे थेट बोलले तर मानपानावरून पहिल्याच बैठकीत फिसकटतं. 'त्यांना विचारा', 'यांना कळवा' हे मध्यस्थाने करायचं. पण यातला एक बारकावा सॉफ्टवेअरवाले विसरतात. मध्यस्थ असल्यामुळे दोन्ही पक्षांना एकमेकांच्या घरचं काही ठाऊक असावं लागत नाही, मध्यस्थाला मात्र दोन्ही घरचं सगळं ठाऊक असावं लागतं. म्हणजे गुंता नाहीसा होत नाही, तो एका डोक्यात गोळा होतो. हे फायद्याचं की तोट्याचं, ते पुढे येतंच.

तर आम्ही स्क्रीन पुन्हा लिहिला. साधारण असा. कोड मुद्दाम मराठीत देतोय, कंपायलर शोधत बसू नका :-) (जावाला व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिलेली चालतात बरं का. 'जर' आणि 'नाहीतर' मात्र चालत नाहीत.)

बदललं(कोण):
   जर मीच_लिहितोय तर परत_जा
   मीच_लिहितोय = हो

   जर कोण == एकक तर
      वजन.दाखव( रूपांतर(वजन.आकडा, जुनं_एकक, एकक.निवड) )
      जुनं_एकक = एकक.निवड

   किलो = किलोत(वजन.आकडा, एकक.निवड)

   जर कोण == वेग तर
      डोस.दाखव( वेग.आकडा * तीव्रता.आकडा / किलो )
   नाहीतर
      वेग.दाखव( किलो * डोस.आकडा / तीव्रता.आकडा )

   धोका = ( वेग.आकडा * तीव्रता.आकडा / किलो ) > कमाल
   पट्टी.दाखव( धोका )
   ओके.चालू( सगळं_भरलंय आणि धोका नाही )

   मीच_लिहितोय = नाही

रिकाम्या चौकटी, शून्याने भागाकार वगैरे तपासण्या इथे गाळल्या आहेत. खऱ्या कोडमध्ये त्या निम्म्याहून जास्त होत्या.

आता हे वरून खाली वाचा. आधी काय, नंतर काय हा क्रम पहिल्यांदाच एका जागी, डोळ्यांना दिसेल असा लिहिलेला आहे. तो लिसनरच्या नोंदणीवर अवलंबून नाही, चौकटी स्क्रीनवर कुठे आहेत यावर तर नाहीच. माझ्या मते मीडिएटरचा खरा फायदा हा आहे. पुस्तकं 'कपलिंग कमी होतं' असं सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मला तेव्हा नडलं होतं ते कपलिंगपेक्षाही क्रमाचं अदृश्य असणं. 'वजन पाठोपाठ येईलच' ही माझी कॉमेंट म्हणजे न लिहिलेला क्रमच होता.

'मीच_लिहितोय' या झेंड्याबद्दल थोडं. मध्यस्थाने वेगाच्या चौकटीत आकडा लिहिला की ती चौकट बिचारी पुन्हा 'मी बदलले' म्हणून ओरडणार. तिला काय कळतंय, नर्सने लिहिलं की मध्यस्थाने! झेंडा नसेल तर वेग, डोस, वेग, डोस अशी गोल फेरी सुरू होते. आधीच्या डिझाइनमध्ये असे पाच झेंडे पाच क्लासमध्ये होते आणि कुठला कधी वर असतो ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आता एकच उरला. पण त्यातही आम्ही ठेचकाळलो. मधल्या एखाद्या ओळीत एक्सेप्शन आलं, तर शेवटची ओळ चालायचीच नाही, झेंडा वरच राहायचा आणि मग अख्खा स्क्रीन मुका. काहीही टाइप करा, वेग हलायचा नाही. तेव्हा झेंडा खाली घेण्याची ओळ फायनली ब्लॉकमध्ये टाका. आणि एक्सेप्शन आलं असेल तर ओके बटण बंद करूनच बाहेर पडा, कारण स्क्रीनवर त्या वेळी अर्धे आकडे नवे आणि अर्धे जुने असतात.

दुसरी खोड रूपांतराची. वजन.दाखव एका दशांशापर्यंत गोल करून दाखवतं, आणि पुढच्या वेळी मी तोच गोल केलेला आकडा परत वाचतोय. समजा ४४.२ पौंड टाकले. किलो केले की २०.०५ चे गोल होऊन २० दिसणार, परत पौंड केले की ४४.१. एकक नुसतं मागेपुढे केलं तर पेशंटचं वजन बदललं! फरक मामुली आहे, पण पुन्हा तोच प्रश्न : मूल तेच आहे ना? याचा उपाय म्हणजे चौकटीतल्या आकड्याला सत्य मानायचंच नाही. खरं वजन किलोत, न गोल करता, आत कुठेतरी जपून ठेवायचं आणि चौकटीला फक्त दाखवायचं काम द्यायचं.

'आत कुठेतरी' म्हणजे कुठे? इथे आमची दुसरी चूक झाली. आम्ही ते मध्यस्थातच ठेवलं. मग औषधागणिक मर्यादा आल्या, त्याही मध्यस्थात. मग किडनीचा आजार असलेल्यांसाठी वेगळा डोस, तोही तिथेच. मग छपाई. मग ऑडिट लॉग. सहा महिन्यांत 'डोसस्क्रीन' हा क्लास अठराशे ओळींचा झाला. सातही चौकटी अगदी साध्या सरळ, गरीब गाय, आणि मधे हा ब्रह्मराक्षस. चौघा लेखकांनी पुस्तकात याची सूचना दिलेलीच आहे की परस्परसंबंधांचा गुंता तुम्ही मध्यस्थाच्या पोटात घालता आहात, आणि तो स्वतःच सांभाळायला अवघड होऊ शकतो. पण तोट्यांचा परिच्छेद वाचतो कोण!

लग्न जमवून दिलं की मध्यस्थाने जेवून आपल्या घरी जावं. नव्या संसारात डाळीला फोडणी कशी घालायची हे त्याने सांगायचं नसतं. आमचा मध्यस्थ फोडणीही घालत होता.

शेवटी आम्ही गणित तिथून उचलून 'मात्रा' नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये नेलं. त्याला स्विंग माहीत नाही, चौकटी माहीत नाहीत. किलो, डोस, तीव्रता द्या, तो वेग आणि धोका सांगतो. वेग द्या, डोस सांगतो. खरं वजनही त्याच्याचकडे. मध्यस्थाकडे उरलं एवढंच : कोण बदललं ते ऐकायचं, मात्रेला कळवायचं, तिचं उत्तर सगळ्या चौकटींत योग्य क्रमाने मांडायचं. अठराशे ओळींच्या तीनशेच्या आसपास झाल्या. तेव्हापासून मीडिएटर पाहिला की मी पहिली झडती हीच घेतो : यात गुणाकार-भागाकार आहे का? असला तर तो इथला नव्हे.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला, टेस्टिंगचा. पूर्वी त्या नर्सबाईंनी केलं ते तपासायचं तर खरा स्क्रीन उघडून माऊस फिरवावा लागायचा. आता मध्यस्थाला सात खोट्या चौकटी द्यायच्या, 'एकक बदललं' म्हणून सांगायचं आणि खोट्या वेगाच्या चौकटीत काय आलं ते बघायचं. अर्ध्या सेकंदाचं काम. मी पहिली जे-युनिट टेस्ट लिहिली तिचं नाव त्यांच्याच प्रश्नावरून ठेवलं, 'मूल तेच, वेग तोच'. इंग्रजीत, अर्थातच.

आता मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न, ऑब्झर्व्हर आणि मीडिएटर यांत फरक काय? ऑब्झर्व्हरमध्ये बातमी देणाऱ्याला ऐकणारे कोण हे माहीत नसतं आणि प्रतिक्रिया काय द्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे वागणूक वाटली जाते. मीडिएटरमध्ये ती एका जागी गोळा होते. पण दोघांचं हाडवैर नाही. आमच्या चौकटी अजूनही ऑब्झर्व्हरनेच बातमी द्यायच्या, फक्त ऐकणारा एकच उरला होता. आणि फसाड? त्यात बाहेरचा एकजण आतल्या अनेकांना हुकूम देतो, आतले बाहेरच्याला ओळखतही नाहीत. एकतर्फी कारभार. मध्यस्थाकडे दोन्ही बाजूंनी बोलणं चालतं.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत मीडिएटरला विमानतळाच्या टॉवरची उपमा देतात. विमानं एकमेकांशी बोलत नाहीत, टॉवरशी बोलतात. उपमा छान आहे, फक्त अर्धी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक छोट्या विमानतळांवर टॉवर नसतोच. तिथे वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर 'मी अमुक ठिकाणी, उतरायला येतोय' असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात आणि इतर जण आपापलं ठरवतात. म्हणजे चक्क ऑब्झर्व्हर! वर्दळ कमी असेल तर ते उत्तम चालतं. तेव्हा दोन चौकटी आणि एक बटण असलेल्या लॉगिन स्क्रीनला मीडिएटर लावू नका. मी लावलेला पाहिलाय. तीन कलीग, एक अमूर्त मध्यस्थ, एक मूर्त मध्यस्थ आणि तो बनवायला एक फॅक्टरी. पासवर्ड भरला की बटण चालू करायचं, एवढ्याचसाठी.

आजच्या तरुण मंडळींना स्विंग म्हणजे पुराणवस्तू वाटेल. पण हे भांडण नावं बदलून चालूच आहे. रिअ‍ॅक्टमध्ये दोन कंपोनंटना एकच माहिती लागली की ती वरच्या कंपोनंटकडे न्या असं सांगतात, तेव्हा तो वरचा कंपोनंट आमच्या आठव्या ठिपक्याच्या जागी येऊन बसलेला असतो. मायक्रोसर्व्हिसवाले ऑर्केस्ट्रेशन की कोरिओग्राफी यावरून वाद घालतात, तोही मीडिएटर की ऑब्झर्व्हर हाच वाद, फक्त मधे नेटवर्क आलं. आणि डॉटनेटवाल्यांच्या प्रोजेक्टांत 'मीडिएटआर' नावाची लायब्ररी सर्रास दिसते. २०२५ साली तिच्या नव्या आवृत्त्यांना व्यापारी परवाना लागू झाला, तेव्हा बऱ्याच जणांना आपण ती नक्की कशासाठी वापरतोय हा प्रश्न पहिल्यांदा पडला. नावावर जाऊ नका. तिचं नेहमीचं काम म्हणजे एक विनंती घेऊन ती हाताळणाऱ्या एका हँडलरकडे पोचवणं. उपयोगाचं आहे, पण सात जणांच्या परस्परसंबंधांचं ज्ञान तिच्यात नसतं. ते तुम्हालाच कुठेतरी लिहावं लागतं, आणि नाही लिहिलं तर ते हँडलरांमध्ये पुन्हा विखुरतं.

त्या स्क्रीनचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. साधारण वर्षभराने हॉस्पिटलने धोरणच बदललं, वजन फक्त किलोतच घ्यायचं. एककाचा ड्रॉप-डाऊन काढून टाका असा निरोप आला. जुन्या डिझाइनमध्ये त्याच्यासाठी पाच क्लास उघडावे लागले असते, आणि त्यातला कुठला कशावर विसंबून आहे ते शोधत बसावं लागलं असतं. आता मध्यस्थातल्या चार-पाच ओळी गेल्या आणि ड्रॉप-डाऊनचा क्लास गेला. वजन, डोस, तीव्रता, वेग, पट्टी, ओके यांतल्या एकाही फाइलला हात लावला नाही. दुपारच्या जेवणाआधी काम झालं.

'मूल तेच, वेग तोच' ही टेस्टही त्याच चेक-इनमध्ये काढावी लागली. तपासायला ड्रॉप-डाऊनच उरला नव्हता ना.

पुढच्या खेपेला मेमेंटो, म्हणजे अनडू कसं करायचं ते. तोवर तुमच्याकडचे ब्रह्मराक्षस किती ओळींचे आहेत ते जरूर कळवा. कंपनीचं नाव न घेता!

कळावे, लोभ आहेच.